हत्तीवर काम करायचंय? लिदीपासून सुरुवात करा

हत्तींवर काम करायचं म्हणून या वाटेला लागणाऱ्या मुलींच्या डोळ्यांसमोर बहुतेकदा रेडिओ कॉलर असते, ड्रोन असतो, नाहीतर पिल्लाला बाटलीने दूध पाजणाऱ्या कुणाचा तरी फोटो असतो. प्रत्यक्षात पहिली दोन वर्षं जातात लीद, कानाच्या कडा आणि वही यांत. या तीन गोष्टी हाताला बसल्या की बाकीचं शिकता येतं. यातलं एक कच्चं राहिलं तर पुढे पीएचडी होऊनही आकडे टिकत नाहीत. म्हणून इथे पदव्यांचं थोडक्यात आणि या तिन्हींचं सविस्तर सांगितलं आहे. शिवाय जंगलात महिनोन्‌महिने राहून काम करणाऱ्या बाईला पडणारे, पण मुलाखतीत विचारायला अवघड वाटणारे प्रश्नही घेतले आहेत.

पदवीचं आधी उरकून घेऊ

बीएस्सीला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वनशास्त्र, काहीही चालतं. संख्याशास्त्र टाळलेलं मात्र चालत नाही. 'आर' ही संगणकप्रणाली आणि नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' ही दोन्ही फुकट मिळतात. पदवीच्या शेवटच्या वर्षाआधीच त्यांच्याशी झटापट सुरू करा.

एमएस्सीसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला (एनसीबीएस) वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाचा अभ्यासक्रम ही ठिकाणं सगळ्यांना ठाऊक असतात. दोन्हीकडे जागा मोजक्या, आणि दरवर्षी प्रवेश उघडतीलच असं नाही, त्यामुळे वेळापत्रक वर्षभर आधी बघा. हत्तींवर दीर्घकाळ काम झालेली पीएचडीची ठिकाणं म्हणजे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि तिथलंच जवाहरलाल नेहरू केंद्र. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. प्रकल्प सहायकाच्या जागेवर बऱ्याचदा यापेक्षा कमी मिळतं. घरी हे आकडे आधीच सांगून टाकलेले बरे.

पशुवैद्यकाची वाट वेगळी. बीव्हीएस्सी ही पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची असते. नागपूरच्या माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्याला आहे. बंदिस्त हत्तींवर काम करणार असाल तर सुरू करण्यापूर्वी स्वतःची क्षयाची तपासणी करून घ्या. माणसाचा क्षय हत्तीला आणि हत्तीचा माणसाला होऊ शकतो.

आणखी एक, जे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं: ज्या भागात काम करणार तिथली भाषा. काबिनीला कन्नड, मुदुमलाईला तमिळ, आसामात असमिया. चौकीत चहा पिताना दोन विनोद कळतील इतपत तरी तीन महिन्यांत यायला हवी. माग काढणारा ट्रॅकर धोक्याची सूचना हिंदीत देत नाही.

माहुतांकडे पंधरा दिवस

जंगलात पाऊल टाकण्याआधी हत्तींच्या तळावर निदान पंधरा दिवस काढा. मुदुमलाईतलं थेप्पकाडू, कोडगूमधलं दुबारे, आणि आपल्याकडे गडचिरोलीतलं कमलापूर. परवानगी वनखात्याकडून लेखी घ्या. तोंडी "या हो" वर विसंबून जाऊ नका.

बाईने माहुताकडून शिकायचं म्हटलं की अजूनही काही भुवया उंचावतात. त्यांना आसामच्या पार्बती बरुआ यांचं नाव सांगावं. गौरीपूरच्या या बाईंनी वडिलांकडून विद्या घेतली, चौदाव्या वर्षी जंगली हत्ती पकडण्याच्या मोहिमेत भाग घेतला, आणि पुढे आयुष्यभर हत्ती सांभाळणं, माणसाळवणं, वस्तीत शिरलेल्यांना परतवणं हेच केलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तळावर काय करायचं? सकाळच्या अंघोळीच्या वेळी नदीवर जा, कारण तेव्हा अंगावरचा चिखल निघालेला असतो. प्रत्येक हत्तीचे दोन्ही कान आणि शेपटी पेन्सिलीने काढा. चित्र सुंदर नको, खाचा जागच्या जागी हव्यात. सलग तीन दिवस तेच हत्ती पुन्हा काढा, आदली पानं न बघता. तिसऱ्या दिवशी तिन्ही पानं शेजारी ठेवली की आपण काय नीट पाहतो आणि काय मनाने भरतो ते कळतं. पायही बघून घ्या: आशियाई हत्तीला सहसा पुढच्या पायाला ५ आणि मागच्याला ४ नखं असतात. वीस मीटरवर हत्तीण केवढी दिसते आणि पन्नासवर केवढी, हा अंदाज डोळ्यात बसवायची जागाही हीच. मदावर आलेल्या हत्तीच्या गालफडावरून ओघळणारा स्राव आणि त्याचा उग्र वास एकदा माहुताशेजारी उभं राहून घेतला, की जंगलात तो वारा आला तर आपोआप पाऊल मागे पडतं.

कान वाचायचे कसे

एकेक हत्ती ओळखता येणं हा या कामाचा पाया. काबिनीच्या जलाशयाभोवती नागरहोळे आणि बंडीपूरमध्ये टी. एन. सी. विद्या यांच्या गटाने २००९ पासून हत्तींची अशी ओळख ठेवली आहे. श्रीलंकेत उडावालावे इथे शर्मिन डी सिल्वा यांनी २८६ प्रौढ हत्तिणींपैकी कोण कुणाबरोबर असते हे २० महिने नोंदवलं. दोन्हीकडून एक गोष्ट पुढे आली. एका वेळी डोळ्यांना दिसणारी चार-सहा हत्तिणींची टोळी म्हणजे अख्खं कुटुंब नव्हे. त्यांचा गोतावळा मोठा असतो. आज ही एकीबरोबर चरते, पुढच्या महिन्यात दुसरीबरोबर. नुसता "५ माद्या, २ पिल्लं" असा आकडा लिहिणाऱ्याला हे जन्मात कळलं नसतं.

ओळखीचा क्रम रोज एकच ठेवा, म्हणजे काही सुटत नाही. आधी कानाची वरची कड: सरळ आहे, पुढे दुमडली आहे की मागे, आणि दुमड साधारण किती रुंद. मग बाजूची कड: खाचा, फाटे, भोकं. त्यांची जागा घड्याळाच्या आकड्यांनी लिहा, "उजवा कान, तीनच्या जागी इंग्रजी व्हीसारखी खाच". मग खालची पाळी: टोकदार, गोलसर की आत वळलेली. कानाच्या मागच्या शिरांची नक्षी आणि गुलाबी ठिपके फोटोत टिपा, हाताने काढत बसू नका. नंतर शेपटी: गुडघ्याच्या वर संपते की खाली, वाकडी आहे का, आणि टोकाच्या गोंड्याला दोन्ही बाजूंनी केस आहेत की एकाच. शेवटी पाठीचा उंचवटा, सुळ्यांची ठेवण, गाठी आणि व्रण.

सगळ्यात जास्त होणारी चूक अगदी साधी आहे: डावा कान म्हणजे हत्तीचा डावा, बघणाऱ्याचा नव्हे. समोरून येणाऱ्या हत्तीच्या बाबतीत हे उलटं होतं. एका गटातली एक जण बघणाऱ्याचा डावा लिहीत असेल तर सहा महिन्यांत एकाच हत्तिणीच्या दोन हत्तिणी होतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कानांचं चित्र काढून त्यावर डावा-उजवा लिहून ठेवा आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकीकडून त्यावर सही घ्या.

दुसरी चूक: एकाच खुणेवर ओळख पटवणं. कान फाटतो, शेपटीचे केस गळतात, सुळा मोडतो. ओळखीची हत्तीण नव्या खाचेसह आली की ती नवीन वाटते. जुळणी मान्य करायला निदान तीन स्वतंत्र खुणा हव्यात, आणि पटत नसेल तर "अनिश्चित" लिहायची लाज वाटू देऊ नका. अनिश्चित नोंद नंतर सुटते. चुकीची निश्चित नोंद वर्षानुवर्षं खोटं बोलत राहते. तिसरी गोष्ट चिखलाची. वाळलेल्या चिखलाने खाच बुजते आणि ओल्या कानाची दुमड वेगळी पडते. शक्य असेल तर हत्तीण पाणवठ्यातून धुऊन बाहेर येऊन कान वाळेपर्यंत थांबा.

फोटोसाठी ३०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा वेगवान ठेवा, नाहीतर हलणारा कान पुसट येतो. प्रत्येकीचे सहा फोटो: दोन्ही बाजू, समोर, पाठमोरी, दोन कान जवळून. रोज सकाळी पहिला फोटो जीपीएसच्या घड्याळाचा काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ भरकटलं तरी मग सगळ्या वेळा दुरुस्त करता येतात. हत्तीला दिलेला क्रमांक तो मेल्यावरही दुसऱ्याला द्यायचा नाही.

नर-मादीत गोंधळ होतो तो मखन्यामुळे. आशियाई माद्यांना मोठे सुळे नसतात, आणि काही नरांनाही नसतात; तो मखना. लांबून दोघं सारखे. डोकं बघा: मोठ्या नराच्या कपाळाचे उंचवटे आणि सोंडेचं मूळ जाड असतं. पाठमोरं बघणं सगळ्यात खात्रीचं, पण तिथेही फसगत आहे. हत्तिणीच्या योनीचा भाग मागच्या पायांमध्ये खाली लोंबतो आणि नवख्याला तो नर वाटतो. व्यालेल्या हत्तिणीचे स्तन मात्र पुढच्या दोन पायांच्या मध्ये, काखेजवळ असतात. एका बाजूने स्वच्छ दिसले की प्रश्न मिटला.

वयासाठी चार गट पुरतात: वर्षाच्या आतलं पिल्लू, १ ते ५, ५ ते १५ आणि १५ वरचे प्रौढ. वर्षाच्या आतलं पिल्लू सहसा आईच्या पोटाखालून जातं. वय वाढतं तशी कानाची वरची दुमड वाढते आणि कपाळाच्या बाजूचा खळगा खोल होतो. उंचीसाठी जुनी युक्ती आजही चालते: पुढच्या पायाच्या ठशाचा घेर गुणिले दोन म्हणजे साधारण खांद्याची उंची. सुतळी ठशाच्या कडेने फिरवा आणि टेपवर मोजा. १२० सेंटीमीटर घेर आला तर उंची २४० च्या आसपास. पुढचा ठसा गोल असतो, मागचा लांबट. मागचा मोजला तर उत्तर चुकतं. मऊ चिखलात ठसा पसरतो, म्हणून टणक ओलसर मातीतले तीन ठसे घ्या.

लीद: मोजायची, खरवडायची, मिसळायची

आता मुख्य काम. हत्ती दिसत नाही तिथे लीद दिसते. लिदीवरून तीन वेगवेगळी कामं होतात आणि तिन्हींची पद्धत एकमेकींच्या उलट आहे. घोळ तिथेच होतो.

पहिलं काम मोजणीचं. सूत्र असं: दर चौरस किलोमीटरला किती ढीग, गुणिले ढीग नाहीसे होण्याचा रोजचा दर, भागिले एक हत्ती दिवसाला टाकतो ते ढीग. शेवटची संख्या दक्षिणेत साधारण १६ धरतात. उदाहरणादाखल, चौरस किलोमीटरला १,००० ढीग आले आणि ढीग सरासरी १०० दिवस टिकतो असं धरलं, तर रोजचा दर ०.०१. उत्तर ०.६२५ हत्ती. पण त्या जंगलात त्या ऋतूत ढीग ८० दिवसच टिकत असेल तर तेच ढीग ०.७८ हत्ती सांगतात. एक हत्ती न वाढता संख्या पाव हिश्शाने वर. म्हणून दुसऱ्या जंगलातला टिकाऊपणाचा आकडा उसना घेऊ नका. मोजणीच्या आधी काही महिने ठरावीक अंतराने पाच-सहा फेऱ्या मारा आणि प्रत्येक फेरीत निदान २० ताजे ढीग खुणेने नोंदवून ठेवा. मोजणीच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे एकदाच परत जा: उरलाय की नाही, एवढंच बघा. शेणकिडे, वाळवी आणि वळवाचा एक पाऊस यांनी फार फरक पडतो.

ढिगाची अवस्था अशी लिहितात: एस-१ म्हणजे सगळे गोळे अखंड, एस-२ म्हणजे निदान एक अखंड, एस-३ म्हणजे अखंड एकही नाही पण ढेकळं आहेत, एस-४ म्हणजे नुसते गवताचे तंतू, एस-५ म्हणजे काहीच नाही. "नाहीसा" कुठून धरायचा ते पहिल्याच दिवशी ठरवा, साधारण एस-४ पासून धरतात. टिकाऊपणा मोजताना एक व्याख्या आणि वाटेवर मोजताना दुसरी, असं झालं तर दोन्ही आकडे फुकट.

वाट म्हणजे ट्रान्सेक्ट, मोजणीसाठी चालायची आखलेली रेषा. साधारण २ किलोमीटर, होकायंत्राने सरळ. हत्तींच्या पायवाटेवरून किंवा जीपच्या रस्त्याने चालणं सोपं असतं, पण हत्तीही तिथूनच चालतात आणि लीद तिथे जास्त पडते, त्यामुळे संख्या फुगते. पुढची व्यक्ती फक्त रेषेवर नजर ठेवते, कारण रेषेवरचा ढीग सुटणं चालत नाही, लांबचा सुटलेला चालतो. ढिगाच्या मध्यापासून रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर टेपने सेंटीमीटरमध्ये घ्या. डोळ्याने घेतलं की सगळी अंतरं शून्य, एक आणि दोन मीटरवर गोळा होतात आणि विश्लेषणात आलेखाला विचित्र शिंग फुटतं. हत्ती चालता चालता लीद टाकतो, म्हणून दहा मीटरवर विखुरलेले गोळे एकाच वेळचे असू शकतात. ओलेपणा, रंग आणि आतलं गवत बघून ठरवा. एकूण ६० ते ८० ढीग तरी हाती यायला हवेत, त्याखाली गणित डळमळतं.

दुसरं काम डीएनएचं. त्यासाठी लागतात आतड्याच्या पेशी, आणि त्या गोळ्याच्या बाहेरच्या चकचकीत बुळबुळीत थरावर असतात. ढीग दिवसभराच्या आतला हवा. नवे हातमोजे घाला, एकाच ढिगातल्या दोन-तीन गोळ्यांचा बाहेरचा थर स्वच्छ काडीने खरवडा आणि शुद्ध अल्कोहोलच्या नळीत टाका, एक भाग लीद आणि चार भाग अल्कोहोल. अल्कोहोल कमी पडलं की आतल्या पाण्याने ते पातळ होतं आणि डीएनए सडतो. प्रत्येक ढिगाला नवे मोजे. दोन हत्तींचे ढीग एकमेकांना चिकटून असतील तर दोन्ही सोडून द्या. खूणचिठ्ठी पेन्सिलीने लिहून नळीच्या आत टाका आणि बाहेरही लिहा. पेनची शाई अल्कोहोलने धुऊन जाते, आणि खूण नसलेल्या शंभर नळ्या म्हणजे नुसता कचरा.

देशभरचा ताजा अंदाज याच कामावर उभा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०२१ ते २०२५ च्या मोजणीत २१,०५६ नमुने गोळा झाले, त्यातून ४,०६५ हत्ती वेगळे ओळखले गेले आणि देशातल्या जंगली हत्तींचा अंदाज आला २२,४४६. २०१७ चा आकडा २७,३१२ होता. "पाच हजार हत्ती कमी झाले" अशी बातमी यातून करता येत नाही, कारण दोन्हीची पद्धत वेगळी होती. नव्या आकड्याला यापुढच्या मोजण्यांचा आरंभबिंदू मानायचा. मुलाखतीत हे विचारलं जातं.

तिसरं काम ताणाची संप्रेरकं मोजायचं, आणि इथे सगळं उलट. डीएनए बाहेरून, संप्रेरकं आतून. तीन-चार गोळे फोडा, आतला भाग हाताने नीट एकजीव करा आणि त्यातला मूठभर पिशवीत घ्या. संप्रेरक गोळ्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, म्हणून हे मिसळणं. लघवी लागलेला ढीग घेऊ नका. लीद पडून काही तासच झालेले हवेत, कारण जिवाणू आत काम करतच असतात. नमुना बर्फाच्या डब्यातून नेऊन त्याच दिवशी उणे २० अंशांत टाका. आणि अन्न पोटातून जायला दिवस-दीड दिवस किंवा जास्त लागतो, तेव्हा आजच्या लिदीत काल-परवाचा ताण असतो. सकाळी हाकारा झाला आणि दुपारी लीद उचलली, तर त्या नमुन्यावरून हाकाऱ्याबद्दल काहीही म्हणता येणार नाही.

आवाजाचं थोडकं

१९८४ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तिणींजवळ उभं असताना प्राण्यांच्या आवाजाच्या अभ्यासक केटी पेन यांना हवेत एक थरथर जाणवली, ऐकू मात्र काही आलं नाही. त्यातून कळलं की हत्ती १४ ते २४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाच्या श्रवणाच्या काठावर आणि त्याखाली बोलतात. मुद्दा असा की फोनवर हे येत नाही. दहा हर्ट्झपर्यंत उतरणारा मायक्रोफोन आणि वाऱ्यासाठी केसाळ आवरण नसेल तर या विषयात पडू नका. वाऱ्याचा घुमाराही त्याच पट्टीत असतो.

कागद

हत्ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. अभयारण्यात संशोधनासाठी कलम २८ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकाची परवानगी लागते, नुसती लीद उचलायची असली तरी. बेशुद्ध करणं, कॉलर लावणं यासाठी कलम १२ आणि केंद्राची संमती. नमुने परदेशी न्यायचे तर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ चे नियम आणि जैवविविधता कायद्याची मंजुरी. कागद हलायला सहा महिने धरा आणि हंगाम त्याप्रमाणे मागे मोजून अर्ज टाका. काबिनीत उन्हाळ्यात पाणी ओसरून गवत उघडं पडतं आणि हत्ती काठावर येतात. परवानगी जूनमध्ये आली तर वर्ष गेलं.

हत्तीसमोर

हत्ती ताशी २४ किलोमीटरपर्यंत धावल्याचं मोजलेलं आहे. झुडपांतून तुम्ही त्याच्या निम्म्यानेही पळू शकत नाही. म्हणून सगळं शहाणपण आधीच वापरायचं. पायमोज्यात चुलीची राख बांधून ठेवा, झटकली की वारा कुठला ते कळतं. वारा पाठीवर असेल तर पुढे जाऊ नका. अत्तर, सुगंधी साबण, भडक ओढणी नको. ट्रॅकर पुढे, तुम्ही मागे, आणि त्याने हात वर केला की प्रश्न न विचारता थांबायचं.

कान पसरून, धूळ उडवत, आवाज करत येणारा हत्ती बऱ्याचदा घाबरवत असतो. जास्त भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे शांतता: चरता चरता एकदम थबकलेली सोंड, ताठ शेपटी, कान न हलणं. तो ऐकतोय. तिथून तोंड न फिरवता हळूहळू मागे सरका. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये कधीही सापडू नका. एकट्या नराच्या वाटेवर संध्याकाळनंतर पायी जाण्याचं कुठलंच शास्त्रीय कारण असू शकत नाही.

बाईने आधी विचारायच्या गोष्टी

रुजू होण्यापूर्वी, ईमेलवर: झोपायची खोली वेगळी आहे का आणि आतून कडी लागते का? संडास किती लांब, रात्री तिकडे जायची वाट हत्तींची तर नाही? गाडी आणि चालक तुमच्या हाताखाली की दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर? नेटवर्क नसेल तर रोज संध्याकाळी कुणाला वायरलेसवरून कळवायचं, आणि कळवलं नाही तर किती तासांनी शोध सुरू होतो?

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा जंगलातल्या तळालाही लागू आहे. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेली गाडीही त्यात धरतात. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. समितीतल्या व्यक्तींची नावं आणि नंबर लेखी मागा. हे विचारल्यावर जे नाराज होतात त्यांच्याकडे न गेलेलं उत्तम.

पाळीसाठी कप सगळ्यात सोयीचा, पण तो घरी दोन-तीन महिने वापरून मग जंगलात न्या. उकळायला वेगळं छोटं भांडं ठेवा. पॅड वापरत असाल तर जंगलात पुरू नका, रानडुकरं आणि कोल्हे उकरतात. हवाबंद डब्यात परत आणा. दिवसभर पाणी कमी पिऊन लघवी टाळणं ही या कामातली सगळ्यात सार्वत्रिक आणि सगळ्यात मूर्ख सवय आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग त्यातूनच होतो. ट्रॅकरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मी "थांबा" म्हटलं की तुम्ही आधी पुढची जागा बघून घ्यायची आणि पाठ करून उभं राहायचं. दोन दिवसांत कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

गोचिडांचं गांभीर्याने घ्या. त्यांच्या चाव्यातून होणारा माकडताप कर्नाटकातून आता सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सत्तरीपर्यंत आला आहे आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका हत्ती बघायचा. विजार मोज्यात खोचा, गोचिडांना दूर ठेवणारं डेपा तेल लावा, रात्री काखा, कमर आणि कानामागे तपासा. ताप आला तर डॉक्टरला "जंगलात होते" हे पहिलं वाक्य सांगा.

आणि लग्न, मूल. यूजीसीच्या नियमांप्रमाणे पीएचडी करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत मिळते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'वाइज-किरण' योजना खंड पडलेल्या स्त्रियांसाठी आहेत. बाळंतपणाच्या वर्षी आवाज आणि फोटोंचा साठा ओळखत बसायचं काम हातात ठेवा, ते घरून होतं.

आपल्याकडे सराव करायचा असेल तर

महाराष्ट्रात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग-तिलारीत उतरले, आणि २०२१ मध्ये छत्तीसगडकडून कळप गडचिरोलीत आला. इथे हत्ती मोजके आहेत, म्हणूनच ओळखीचं काम मोलाचं आहे. एकच टस्कर तीन गावांत दिसला की तीन हत्ती होतात आणि पंचनामेही तसेच फुगतात. शिवाय हत्तीसमोर जाण्याची गरजही नाही: ठसे, लीद, मोडलेल्या केळींचे बुंधे आणि गावातले फोटो पुरतात.

गावात बोलायला दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, बायकांची कामं उरकलेली असतात. तारीख विचारू नका, "गणपतीच्या आधी की नंतर?" "भात पोटरीला होतं का?" असं विचारा. रात्री राखण कोण करतं, सरपणाला जायची वाट कोणती बंद झाली, हे पुरुषांना विचारून कळत नाही. सातबारा नवऱ्याच्या नावावर असतो, त्यामुळे बाईने लावलेली परसातली केळ किंवा सुपारी भरपाईच्या अर्जात येतच नाही. ते वेगळ्या रकान्यात लिहा. आणि तुमच्या हातात भरपाई नाही, हे बसल्या बसल्या पहिल्यांदाच सांगा.

वही आणि अर्ज

वही पेन्सिलीची, नोंद त्याच दिवसाची. शून्य आणि रिकामी जागा यांचा अर्थ वेगळा: शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं, रिकामी म्हणजे बघितलंच नाही. हत्ती न दिसलेल्या दिवसाचीही वेळ आणि चाललेलं अंतर लिहा. रात्री पानांचा फोटो काढा आणि तो तळाबाहेरच्या कुणाला तरी पाठवा. पुरात, वाळवीत आणि बसमध्ये वह्या जातात.

संशोधकाला पत्र पाठवताना प्राण्यांवरच्या प्रेमाबद्दल एकही वाक्य लिहू नका. दहा ओळी पुरतात: कुठल्या तारखेपासून किती महिने मोकळ्या आहात, गाडी चालवता येते का, कुठल्या भाषा येतात, 'आर'मध्ये काय केलंय. सोबत तळावर केलेल्या पाच हत्तींची ओळखपत्रं जोडा, दोन्ही कान, शेपटी, तीन-तीन खुणा, आणि जिथे खात्री नव्हती तिथे "अनिश्चित" असं लिहिलेलं.